चिमणीच्या पात्याची पन्हळ

बर्फाच्या रिंकवरचे धारवाले म्हणजे बोलघेवडा माणूस. कुणी स्केटचे बूट घेऊन आलं की बूट राहिले बाजूला, आधी व्याख्यान. "पातं म्हणजे सुरी नव्हे, बरं का! मधोमध पन्हळ, दोन्ही अंगांना कडा. पन्हळ खोल असेल तर कडा बर्फाला घट्ट धरतात, उथळ असेल तर पातं सुळकन पळतं. हलक्या अंगाला खोल, भारी अंगाला उथळ." गिऱ्हाइकाला जांभई आल्याशिवाय धारेचं चाक काही सुरू व्हायचं नाही.

एवढं ज्ञान पाजळणारा माणूस घरच्या पात्यापाशी मात्र आंधळा! लेकीला लाडानं चिमणी म्हणायचे, आणि लहानपणी ती होतीही तशीच, फुंकर मारली तर उडेल अशी. तेव्हा तिची पन्हळ खोल ठेवलेली. पुढे चिमणी बापापेक्षा उंच झाली, खांदे भरले, बुटांचे नंबर वाढले. पन्हळ तेवढीच खोल.

"बाबा, वळताना पाय रुततो हो माझा."

"रुततो म्हणजे धरतो. तोंडावर आपटायचंय का?"

"अहो, घोडी झालीय ती," आई म्हणाली. "अजून कडेवर घेऊन फिरताय!"

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी चिमणीनं अगदी विनवलं, "वयाच्या हिशेबानं ही शेवटची संधी आहे. थोडी उथळ करा ना." ते हो म्हणाले. पण चाकापाशी बसल्यावर मनात आलं, घसरली तर? नेहमीच्याच मापाची धार काढली.

"केली ना उथळ?"

"केली गं, केली."

चाचणीत तिनं उडी झकास घेतली. उतरताना अंग गरकन फिरलं, पातं मात्र बर्फात रुतून बसलं. मधल्या मध्ये गुडघा पिळवटला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल. बर्फाचं नाव काढायचं नाही.

"बाबा, खरंच उथळ केली होती?" तिनं खाटेवरून विचारलं.

धारवाले तिच्या पायाखालची उशी सारखी करत बसले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

बरी झाल्यावर ती एका मुलीला घेऊन लंगडत रिंकवर आली, आपले बूट त्यांच्यापुढे ठेवले. "ही नवी मुलगी अंगानं माझ्याएवढीच आहे. तिला देतेय. आता तरी उथळ करा."

व्याख्यान झालं नाही. नुसतं चाक फिरलं.

मुलगी बर्फावर उतरली आणि एका रेट्यात थेट पलीकडच्या कठड्याला जाऊन टेकली. "काका, काय पळतात हो हे!" ती तिथूनच ओरडली.

चिमणी कठडा धरून बघत होती. धारवाले मान खाली घालून चाकाखालचा लोखंडी भुगा झाडत राहिले.