आमच्या नदीच्या नावाची बँक

विरारच्या मनवेलपाड्याहून रिक्षात बसले तेव्हा माझ्या मांडीवर लाडवांचा स्टीलचा डबा होता. वर रव्याचे लाडू, खाली सासूबाईंच्या पाटल्या आणि पुतळ्यांची माळ. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आम्ही घाटावरून विरारला येऊन फार दिवस झाले नव्हते. शेजारच्या बिल्डिंगमध्ये भरदिवसा चोरी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी आम्ही घराला कुलूप लावून जत्रेला गावी निघणार होतो. दागिने लेकीच्या लग्नासाठी सासूबाईंनी दिलेले. ते परत गावी नेले असते, तर ‘तुझ्याच्यानं सांभाळवेना’ हे वाक्य मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणजे त्याच दिवशी लॉकर मिळवणं भाग होतं.

यजमान म्हणाले, “मला रजा नाही. तू जा, तू हुशार आहेस.” हे त्यांनी कशावरून ठरवलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

माझा तेव्हा एक सिद्धांत होता. बँकेला ज्या मुलखाचं नाव, त्याच मुलखाची माणसं आत बसतात. विरारच्या बाजारात पाट्या वाचत चाललं की घाटावरचे तालुके, कोकणातली बंदरं, गुजरातेतली शहरं, सगळी ओळीनं भेटत. त्यांत एका बँकेला चक्क आमच्या नदीचं नाव होतं. मी माहेरी शिरावं तशी आत शिरले.

“यंदा नदीला पाणी कसं आहे?” मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“कुठल्या नदीला?”

“तुमच्या पाटीवर आहे ती.”

“मी इथल्याच फुलपाड्याची आहे, काकी. ती नदी मी नाही बघितली.”

मॅनेजर मंगळूरकडचे निघाले. सभ्य गृहस्थ. लॉकरसाठी आधी खातं लागेल आणि खात्यासाठी ओळख लागेल, म्हणाले. म्हणजे बँकेच्या जुन्या खातेदारानं ‘या बाईंना मी ओळखतो’ अशी सही करायची.

“नदीकाठी मला सगळे ओळखतात,” मी म्हणाले.

“आणि विरारमध्ये?”

मी आठवून पाहिलं. दूधवाला ओळखत होता, पण त्याचं खातं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं खातं होतं, पण त्यांच्याशी माझं पाण्यावरून भांडण होतं.

नदी आटली म्हणून मी देश धरला. बोळिंजच्या रस्त्याला सबंध देशाच्या नावाची बँक होती. देशात तर मी नक्कीच राहत होते. तिथंही ओळखच मागितली. उन्हं चढली, डबा जड झाला. वसईला एका बँकेला आमच्या कुलदेवीचं नाव आहे असं ऐकलं होतं, म्हणून मी वसईची एसटी पकडली.

बोळिंज मागे पडलं आणि केळीच्या बागा सुरू झाल्या. पानवेलींचे मांडव, विहिरी, मधूनच पांढरं चर्च. शेजारी लाल चौकडीचं लुगडं नेसलेली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिनं मला एक सुकेळं (सोलून उन्हात वाळवलेलं केळं) दिलं. गुळासारखं गोड, दाताला चिकटणारं.

“डब्यात काय गो?”

“लाडू.”

“लाडवांना एवढं कवटाळून?”

सुकेळं दाताला चिकटल्यानं मला खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. नदीही, देशही.

“आणि आता देवीकडे,” ती म्हणाली. “देवीपन ओळख मागेल. उतर माझ्याबरोबर.”

ती कातरीनबाय. तिच्या गावाच्या नावाची एक बँक होती, चर्चच्या रस्त्याला, समोर केळी. नाव गावापुरतं आणि बँकही तालुक्यापुरतीच. एरवी अशा पाटीकडे मी ढुंकून पाहिलं नसतं.

“कुठल्या आपण?” मॅनेजरनं विचारलं.

“घाटावरची,” मी मान ताठ करून म्हणाले.

कातरीनबायनं मला कोपरानं ढोसलं. “रातीची निजते कुठे ते सांग.”

“मनवेलपाडा.”

“मग वसई तालुक्यातल्याच की,” मॅनेजर म्हणाला. “ओळख कोणाची?”

“माझी,” कातरीनबाय म्हणाली.

“कधीपासूनची?”

“बोळिंजपासूनची.”

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. “बाय, निदान सहा महिने तरी म्हण.”

“आयतवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचंय मला. खोटं नाय सांगनार. एवढ्या वाटेत हिनं एक लाडू नाय दिला मला. लॉकरला असलंच गिऱ्हाईक बरं.”

मॅनेजर माझं रेशनकार्ड ओढून घेत म्हणाला, “यांना मी ओळखत नाही. तुला ओळखतो. कर सही.”

फॉर्मवर ‘गाव’ या शब्दापुढे मी सवयीनं नदीकाठचं गाव लिहिलं होतं. त्यानं ते खोडायला लावलं. मी खोडलं आणि विरार लिहिलं. पाटल्या आणि माळ लॉकरमध्ये गेली. लाडू मी कातरीनबायच्या टोपलीत रिकामे केले. तिनं ‘कशाला’ असं एकदाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावी पोचले. पायातल्या चपला काढायच्या आत सासूबाईंनी विचारलं, “दागिने कुठं ठेवलेस?”

मी बँकेचं नाव सांगितलं. त्यांनी ते नाव जन्मात ऐकलं नव्हतं.

“तिथं आपलं कोण आहे?”

“कातरीनबाय आहे,” मी म्हणाले.

सासूबाईंनी मला पाय धुवायला पाणी दिलं.