जावयाच्या डोंगरात

हिंदुस्थानचे सैन्य हैदराबादेत आले त्या दिवशी माझी पत्नी सुलतान बाजारच्या घरी वारली.

गल्लीत पेढे वाटले जात होते आणि मी खांदेकरी शोधत होतो. तिला श्रीशैलला जाऊन मल्लिकार्जुनाला शरण जायचे होते. मी शाळेत इतिहास शिकवणारा, देवाच्या बाबतीत कोरडा. "देवाचे माझे मी बघेन, तुम्ही आपले डोंगर बघा," ती म्हणायची. पण सरहद्दीवर धामधूम होती, जाणे राहून गेले. शेवटी तिच्या अस्थी तरी तिथे कृष्णेत सोडायच्या ठरवले.

कार्तिकात नल्लमलाच्या डोंगरात शिरलो. साग, बांबू, मध्येच कुठल्या जुन्या राजवटीच्या तटाचे दगड, यात्रेकरूंच्या पायांनी झिजलेल्या पायऱ्या. एरवी थांबून पाहिले असते. अंगात ताप होता. अस्थी जमिनीवर ठेवत नाहीत, म्हणून फडक्याने तोंड बांधलेला तांब्या फांदीला टांगला आणि खाली पडून राहिलो. नदी दूर दरीत होती. परत फिरावे, एवढेच मनात होते.

त्या रानात राहणाऱ्या चेंचू आदिवासींच्या वस्तीतली एक म्हातारी मध घेऊन चालली होती. थांबून तेलुगूत म्हणाली, "तूप टांगलेस की काय, अय्या? अस्वल नेईल."

"माझी बायको आहे," मी म्हणालो. "मल्लिकार्जुनापाशी नेतो आहे. कृष्णेत."

तिने मधाचे ओझे खाली उतरवले. "मल्लय्या तर आमचा जावई! आमची पोर घेऊन गेला, तो पुन्हा सासुरवाडीला फिरकला नाही." मग तांब्याकडे पाहून म्हणाली, "ही आमच्या लेकीकडे चालली, आणि रिकाम्या हाताने?"

तिने मधाच्या पोळ्याचा तुकडा पानात गुंडाळून तांब्याच्या गळ्याशी बांधला. माझ्या पत्नीचे आईवडील ती लहान असतानाच प्लेगात गेले होते. तिला सणाला कुणी बोलावले नव्हते, निघताना कुणी ओटी भरली नव्हती.

म्हातारीने तांब्या डोक्यावर घेतला. "ऊठ. बायको पुढे निघाली, तू काय झोपून राहणार?"

ताप उतरला नव्हता. तरी तिच्यामागून दरी उतरलो. अस्थी मी सोडल्या, मध तिने सोडला. वर देवळात हात जोडले, तेव्हा काही मागावेसे वाटले नाही. म्हातारीला कोणी पाठवले, याचा विचार मी करत नाही. माझ्याने उचलवत नव्हते ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ दिले, एवढेच मी केले. पत्नी यालाच शरण जाणे म्हणत असावी.

शाळा सुरू आहे. घरात मी एकटा आहे. तिचा सोमवारचा दिवा आता मी लावतो.