सुधारून आलेला नवरा

इस्त्रीवालीचा जबडा फोडला म्हणून तिच्या नवऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो आत गेला आणि बाईने जिन्याखालच्या खोलीत दुकान थाटलं, पोटभर जेवली, घोरत झोपली. शेजारीण म्हणायची, "नवरा तुरुंगात आणि तू गुटगुटीत! लाज नाही का गं?" इस्त्रीवाली खो खो हसायची.

शिक्षा संपली, तो घरी आला. तुरुंगातले साहेब म्हणाले होते, माणूस सुधारलाय. सुधारला होताच म्हणा! पूर्वी दारू पिऊन तोंडावर गुद्दे घालायचा, आता शुद्धीत मारू लागला. आत त्याने भरपूर मार खाल्ला होता, आणि खाता खाता मन लावून शिकला होता. ओल्या टॉवेलात साबणाची वडी गुंडाळायची आणि पोटावर, कमरेवर, तळपायांवर हाणायची. वळ नाही, जखम नाही. मारून झालं की तो शांतपणे विचारायचा, "दिसतंय का कुठे?"

तिला लघवीतून रक्त जाऊ लागलं. आता हा आपला जीव घेणार, हे तिला कळून चुकलं. लंगडत ती पोलीस चौकीत गेली. हवालदाराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मावशी, खूण तर कुठेच नाही. आणि तो एकदा भोगून आलाय, आता जपूनच वागेल."

जपूनच वागत होता मेला!

चौकीत गेल्याचं त्याला कळलं. भर दुपारी तो दुकानात शिरला, दाराला कडी घातली आणि कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याच्या बादलीत टॉवेल बुचकळू लागला. तो वाकलेला असतानाच तिने तापलेली इस्त्री त्याच्या गालावर दाबली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडला. तो कोसळला तरी ती इस्त्रीच्या टोकाने त्याच्या गुडघ्यावर घाव घालत राहिली. लोकांनी दार तोडून तिला ओढलं, तेव्हा ती रडत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

कोर्टात तो अर्धं तोंड बांधून बसला होता. न्यायाधीश म्हणाले, "असं पुन्हा कुणी करू नये, म्हणून कडक शिक्षा द्यावी लागतेय. पाच वर्षं. काही सांगायचंय?"

"साहेब, तिथे बायकाच असतात ना?"

"हो."

"आणि हा भेटायला आला, नि मी नाही म्हटलं तर?"

"तर भेट होणार नाही."

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मग थोडी वाढवून द्या की, साहेब."