कपाटाची खालची बाजू

धाकट्याने आपल्या होणाऱ्या दाजींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दाजी दिसलेच नाहीत. दिसलं ते तीन दारांचं एक अवाढव्य कपाट, आणि ते आपल्या पायांनी जिना चढत होतं. पायांत बूट होते. मध्येच ते खोकलं. दुसऱ्या मजल्यावर थांबून त्याने एका म्हातारीला "आजी, जरा सरकता का?" असं इतक्या अदबीने विचारलं, की म्हातारीने कपाटाला औक्षवंत हो म्हटलं. कपाटाच्या वरच्या टोकाला एक गडी होता म्हणा, पण तो "डावीकडे, डावीकडे" असं ओरडण्यापुरताच होता. पाचव्या मजल्यावर कपाट टेकलं आणि त्याच्या मागून इतका रुंद माणूस बाहेर आला, की दाराच्या चौकटीने अंग चोरलं. ताईने पाण्याचा पेला पुढे केला. मग दुसरा. मग घागरच.

पुढचे तीन रविवार हा माणूस कपाट भिंतीशी नीट बसलंय ना, हे बघायला येत राहिला. चौथ्या रविवारी वडील म्हणाले, "कपाटाचं झालं. आता मुलीचं बोला."

अशा रीतीने घरात जावई आला आणि त्याच्या शब्दावर धाकट्याला सामान वाहतुकीच्या सरकारी डेपोत नोकरी मिळाली. डेपोत दाजींना सगळे 'पायथा' म्हणत. डोंगर कितीही मिरवो, तो उभा कशावर असतो?

घरं सरकार वाटून द्यायचं. त्यामुळे माणसं सतत या घरातून त्या घरात जायची आणि त्यांच्या मागून त्यांची कपाटं. इमारती पाच मजल्यांच्या, लिफ्ट फक्त नकाशात. डेपोत ड्रायव्हर, हमाल, कारकून, फाटकावरचा माणूस, सगळ्यांना एकच पगार. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'भार सारखा, वाटा सारखा.' सपाटीवर ते अगदी खरं होतं. जिन्यावर मात्र कपाट तिरकं होतं आणि सगळं अंग खालच्या माणसावर टाकून देतं. वरच्याच्या हातात उरतो तो मान आणि डावं-उजवं. हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं. डेपोचे अध्यक्ष स्वतः पूर्वीचे हमाल. त्यांचाही एक खांदा दुसऱ्याहून खाली उतरलेला.

पूर्वी खालच्या माणसाला शनिवारी अर्धी सुट्टी असे. वरच्यांनी तक्रार केली, की पगार सारखा तर सुट्टी कमी-जास्त का? मुद्दा बिनतोड होता. अर्धी सुट्टी सगळ्यांना मिळाली. दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या तोंडाशी असा काही सभ्यपणा सुरू झाला, की बघणाऱ्याला वाटावं लग्नाचे पाहुणेच जमलेत. "छे छे, खाली तुम्ही." "माझी काय लायकी? तुम्हीच धरा." एक सोफा तर संध्याकाळपर्यंत फुटपाथवर राहिला आणि त्याच्यावर बसून दोघं हमाल एकमेकांचा आदर करत राहिले.

मग डेपोच्या समितीने खालच्यासाठी एक बिल्ला काढला. पितळी, देखणा. दाजींनी तो एक दिवस लावला. ओझं पेलायच्या पट्ट्याखाली तो नेमका छातीत रुतायचा, म्हणून काढून ताईला दिला. शेवटी ठराव झाला, की खालची बाजू पाळीपाळीने धरायची.

ताईला वाटलं, सुटलो. दाजी तेव्हा घरी येऊन पलंगाच्या कडेला बसायचे आणि बूट काढायला वाकताच येत नाही म्हणून तसेच आडवे व्हायचे. जिना उतरताना पाठमोरे उतरायचे. ताईने धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की तू तरी तुझी पाळी चुकवू नकोस, बाकीचे गेले खड्ड्यात.

धाकट्याने चुकवली नाही. त्या दिवशीचं कपाट ताईचं लग्न जमवणाऱ्या कपाटाहून लहानच होतं. पहिल्या मजल्यापर्यंत त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय शिवणयंत्रासारखे थरथरायला लागले. वरून दाजी डावं म्हणेनात की उजवं. त्यांनी कपाट टेकवलं, कठड्याला धरून खाली आले आणि म्हणाले, "मेहुणे, व्हा वर."

धाकट्याला लाज वाटली आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. वर पोचल्यावर त्याने विचारलं, की पगार सारखा, सुट्टी सारखी, मग हे तुम्हीच का?

"मी वर असलो की मला तुझी काळजी," दाजी धापा टाकत म्हणाले. "खाली असलो की नुसती कपाटाची. मला कपाट हलकं पडतं."

त्यानंतर धाकट्याची पाळी आली, की ती अशीच दुसऱ्या मजल्यावर संपायची. पुढे तिथवरही जाईना. इतरांच्या पाळ्यांचंही हळूहळू तेच झालं. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा, कुणाचं सासर. पायथा आहेच.

ताईला दाजींचं ते वाक्य कळलं तेव्हा ती भाजी चिरत होती. ती चिरतच राहिली. "आणि माझी काळजी कोण उचलतं, ते विचारलंस?" एवढंच म्हणाली.

त्याच वर्षी फाटकावरचा म्हातारा निवृत्त झाला. तिथे खुर्ची होती, छप्पर होतं, थंडीत शेगडी होती. ट्रक आला की दांडा वर, गेला की खाली. दांड्याला मागे वजन बांधलेलं, तो बोटाने उचलायचा. ताईने दाजींना समोर बसवून अर्ज लिहून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं. अध्यक्षांनी अर्ज वाचून मान डोलावली आणि ही जागा तुमचीच, असं तोंडावर सांगितलं. ताईने खुर्चीवर घालायला उशी शिवली.

पण फाटकावर पगार तेवढाच होता, आणि कपाट नव्हतं. सभेच्या दिवशी अख्खा डेपो लंगडत आला. ड्रायव्हर कमरेला हात लावून, कारकून मान धरून. गोदामातला एकजण तर दोघांच्या खांद्यांवरून आला. अध्यक्षांनी दाजींचं नाव घेतलं तेव्हा मागून कुणीतरी शांतपणे विचारलं, की दुखणं सगळ्यांचं सारखं नाही का? अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, आणि नावांच्या चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. धाकट्याने स्वतःची चिठ्ठी टाकली नाही. त्याच्याने तेवढंच झालं.

चिठ्ठी निघाली ती नुकत्याच लागलेल्या एका पोराची. डेपोच्या कुस्तीत तो पहिला आला होता.

दाजी निवृत्त होईपर्यंत कपाटाच्या खालीच राहिले. धाकटा वर.