जाळावरची हलगी
हलगी तापल्याचा वास आला की भोकरजवळच्या, माझ्या मामाच्या गावातली ती प्रार्थनासभा आठवते. नांदेडहून आमचा बँड गेला होता. बँजो-गिटारवर, अमेरिकेतल्या खेड्यांतल्या गाण्यांच्या चालींत आम्ही येशूची गाणी म्हणायचो. मला ताल शिकवणारा माझा मामा चर्चमागं काटक्यांच्या जाळावर हलगी शेकत बसला होता. "म्या बी वाजवू का रं?" त्यानं विचारलं. "नको, आमच्या गाण्यात बसत नाही," मी म्हणालो. आमच्या गायिकेनं विचारलं, "कोण आहेत हे?" हलगीवरून माझी जात कळेल म्हणून मी म्हणालो, "असतील गावातले कुणी." मामानं ऐकलं. "हाव, गावातलाच हाय मी," तो तिला म्हणाला आणि त्यानं पायानं जाळ विझवला. आता बँडमध्ये हलगी मीच वाजवतो. कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की अजूनही सांगतो, गावात कुणीतरी शिकवलं.