पालकाच्या पानाला भोक आहे ना, मग घ्या!

मंडळी, पालक घेताना तुम्ही भोकं बघता का? आमच्या बंगळुरूच्या सोसायटीत सगळे बघतात. अळीने पान खाल्लंय म्हणजे औषध मारलेलं नाही, हे आमचं शास्त्र. पुण्याहून आल्या आल्या मीही ते शिकले.

आज सकाळी मंजुळक्का गेटवर भाजी घेऊन आली. होसकोटेकडे तिचं शेत आहे, टेम्पोवर 'नो केमिकल' अशी पाटी. दर रविवारी तिचा नवरा, म्हणजे आमचे अण्णा, गाडी चालवतो, आज दीर होता. मला उगाच कुतूहल वाटलं.

"अण्णा कुठेत?" मी विचारलं.

"घरी झोपलेत मॅडम," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "काल फवारताना वारा उलटा फिरला. डोळे चुरचुरतात, स्वल्प... थोडी चक्कर पण येते."

मी हातातली जुडी तिच्यापुढे धरली. "फवारताना? मग ही भोकं कशी?"

"भोकं पडली म्हणूनच तर मारलं!"

पटापट सगळ्या जुड्या टेम्पोत परत गेल्या. तेव्हापासून सोसायटीचा ग्रुप पेटलाय. हिला गेटवर येऊ द्यायचं का? मेथीवरही मारलं असेल का? गेल्या रविवारचा पालक मुलांनी खाल्लाय, आता काय?

मी आत्ता सगळे मेसेज पुन्हा वाचले. पानापानाची चौकशी झाली आहे. अण्णांना डॉक्टरकडे नेलं का, हे मात्र कुणीच विचारलेलं नाही. मीसुद्धा.

खरं सांगा, तुमच्या ग्रुपवर कुणी विचारलं असतं?