टोकावरचं पाणी

डॉक्टरांनी कागदावर दोन नळ्या काढल्या. आमच्या यांच्या हृदयाचे ठोके चुकतात. चुकार ठोका जिथून उठतो, तेवढीच जागा नळीच्या टोकाने भाजायची. पण टोक फार तापलं तर तिथलं रक्त करपतं, म्हणून ते गार ठेवायचं.

"म्हणजे आमचं कूलंटच की," हे एकदम म्हणाले. तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. "पाणी आतल्या आत फिरतं, की टोकावर सांडतं?"

डॉक्टर हसले. एका नळीत पाणी आतच फिरून परत येतं, अंगात थेंबही जात नाही. दुसरीच्या भोकांतून सलाइन झिरपतं. टोक जास्त गार राहतं, पण ते पाणी अंगात जातं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. यांच्यासाठी दुसरी ठरली.

मी चित्राकडे बघत राहिले. आमच्या घरात या दोन्ही नळ्या वर्षानुवर्षं नांदताहेत. मी रागावले की भांड्यांनाही कळतं. हे मात्र सगळं आतल्या आत फिरवणार. कारखाना बंद पडला त्या दिवशीसुद्धा घरी येऊन डबा धुतला, पालथा घातला आणि म्हणाले, "चहा टाक." मला त्याचं कौतुक वाटायचं. आत किती तापलं असेल, हे कधी विचारलंच नाही.

आज यांना ऑपरेशनसाठी आत नेताना मी विचारलं, "काही हवंय का?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "भीती वाटतेय गं."

"सांडू द्या," मी म्हटलं. "मी आहे पुसायला."